अप्पांचा अडकलेला शब्द

डॉक्टरीणबाईंनी ‘ब्रोका अफेजिया’ हे नाव उच्चारलं, तेव्हा मला सगळ्यात आधी जे वाटलं त्याला मी बरेच दिवस कुतूहल म्हणत आले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

समोर पलंगावर माझे सासरे होते. उजवा हात लुळा पडलेला, ओठाचा उजवा कोपरा ओघळलेला, दंडात सुई. माझा नवरा निखिल त्यांचा डावा हात धरून उभा होता आणि डॉक्टरांचं जर्मन नीट कळावं म्हणून कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. आणि मी, भाषाशास्त्रात डॉक्टरेट करणारी त्यांची सून, मनात म्हणत होते की ब्रोका, तोही मराठी बोलणारा, आणि माझ्याच घरात. आदल्याच सत्रात मी विद्यार्थ्यांना हा आजार फळ्यावर मेंदूची आकृती काढून शिकवला होता.

हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यातूनच घडलं. ज्यांच्या घरी कोणाची वाचा अशी गेली आहे किंवा पुढे कधी जाईल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्ही भाषेबद्दल माझ्याइतकं शिकलेले नसाल, तर तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे.

अप्पा सांगलीचे. बस स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. गाड्या फलाटावर लावून घ्यायच्या आणि माइकवरून सांगायच्या, हे त्यांचं काम. आवाज खणखणीत. सासूबाई गेल्यानंतर ते मिरजेला माझ्या नणंदेकडे, सुनंदाताईंकडे राहत. त्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आमच्याकडे झिंडेलफिंगेनला आले होते. निखिल इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, मी रोज एस-बान या लोकल गाडीने श्टुटगार्टला विद्यापीठात जाणारी. जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकलेला तो उन्हाळा. शेजाऱ्यांच्या बाल्कन्यांवर अजून झेंडे होते आणि अप्पांना त्यांची मोठी मौज वाटायची.

एका रविवारी सकाळी पोहे खाताना त्यांनी काहीतरी मागितलं. “ते... ते...” एवढंच म्हणाले आणि हातातला चमचा खाली पडला. निखिलने एकशेबारा या तातडीच्या नंबरला फोन लावला. मी अप्पांच्या समोर बसले आणि म्हणाले, “अप्पा, म्हणा बघू, आज रविवार आहे.” त्यांनी तोंड उघडलं, पण वाक्य आलं नाही. स्ट्रोक आला की माणसाला एक साधं वाक्य म्हणायला सांगावं, असं म्हणून अँब्युलन्समधल्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मी ते तेवढ्याचसाठी विचारलं होतं असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. ती विरघळवणारं औषध वेळेत मिळालं. तीन दिवसांनी अप्पा उजवा पाय थोडा उचलायला लागले. हात मात्र तसाच राहिला, आणि भाषाही.

अफेजिया म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे भाषा हातची जाणं. बुद्धी जात नाही. माणसं ओळखू येतात, राग येतो, लाजही वाटते. ब्रोका प्रकारात सुटे शब्द सापडतात, पण त्यांचं वाक्य बांधता येत नाही. ‘मला पाणी दे’ ऐवजी ‘पाणी’ येतं, तेही घाम फुटेपर्यंत वाट पाहून.

आता माझ्या प्रबंधाचा विषय. वाक्याचा सांगाडा आणि वाक्याचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, हा आमच्या शास्त्रातला जुना वाद. ‘आजीने भाकरी खाल्ली’ हे वाक्य व्याकरण न कळताही कळतं, कारण भाकरी आजीला खात नाही. पण ‘मुलाने मुलीला ढकललं’ इथे कोणी कोणाला ढकललं हे फक्त वाक्याची घडणच सांगते. ब्रोकाच्या रुग्णांना पहिलं वाक्य समजतं आणि दुसऱ्यात ते चाचपडतात. म्हणजे सांगाडा मोडला तरी अर्थ शिल्लक राहतो. जर्मन आणि इंग्रजी रुग्णांवर यावर पुष्कळ काम झालं आहे. मराठीवरचं फारसं काही माझ्या हाती लागलं नव्हतं. तीन वर्षं मी कागदावरच्या वाक्यांशी झटत होते आणि आता पुरावा चालत माझ्या घरी आला होता. खरं तर स्ट्रेचरवरून गेला होता, पण तेव्हा मला असले फरक सुचत नव्हते.

हॉस्पिटलमध्ये लोगोपेडिन, म्हणजे वाचा-उपचार करणारी बाई, रोज यायची. तिला मराठी येत नव्हतं म्हणून मी दुभाषी. एक दिवस ती म्हणाली, पाठ असलेलं काही म्हणवून घ्या, आकडे, वार, प्रार्थना. अप्पांना आकडे जमले, वारही जमले. मग मी विचारलं, “अप्पा, विट्याची गाडी?” आणि ज्या माणसाला ‘पाणी दे’ म्हणता येत नव्हतं तो ताठ बसून म्हणाला, “फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी तासगावमार्गे विट्याला जाईल.” एकाही ठिकाणी न अडखळता. वॉर्डातले सगळे हसले, निखिल रडला. मी तेवढ्यात वही काढून लिहून घेतलं.

माझ्या मार्गदर्शकांना फोनवर हे सांगितलं. इथे मार्गदर्शकाला डोक्टरफाटर, म्हणजे डॉक्टरेटचे वडील, म्हणतात, आणि माझे खरोखरच वडिलांसारखे होते. ते म्हणाले, “हे फार मोलाचं आहे. पण त्यांची संमती घेतलीत का? त्यांना समजेल अशी?” मी म्हटलं, घेते. त्यांनी तेच दोनदा विचारलं आणि मी दोनदा हो म्हटलं.

संमतीपत्र मी मराठीत करून अप्पांना वाचून दाखवलं. त्यातलं एकेक वाक्य तीन-तीन ओळींचं. ज्याला ‘मुलाने मुलीला ढकललं’ कळत नाही असं मी सिद्ध करायला निघाले होते, त्याला मी ‘सदर ध्वनिमुद्रणाचा वापर केवळ संशोधनासाठी केला जाईल याची मला कल्पना आहे’ असं वाचून दाखवत होते. अप्पांनी मान डोलावली आणि डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. त्यांना वाटलं हा उपचाराचा कागद आहे. त्यांना तसं वाटलं हे मला दिसत होतं.

अडीच आठवड्यांनी घरी सोडलं. अप्पा पाहुणे म्हणून आलेले, त्यांच्या प्रवासविम्यात पुढचं रिहा, म्हणजे पुनर्वसन केंद्रातले उपचार, बसत नव्हतं. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं की लकवा झालेल्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. पाय सुजला, दुखला, लाल झाला तर थांबू नका, ताबडतोब या. मी ते मराठीत लिहून फ्रिजवर चुंबकाने लावलं. अक्षरही चांगलं काढलं होतं.

आमचा दिवस असा ठरला. निखिल सकाळी कामावर जाई. दहा वाजता मी अप्पांना जेवणाच्या टेबलाशी बसवी, रेकॉर्डर लावी आणि चौदा चित्रं एकेक करून समोर ठेवी. चित्रात काय चाललंय ते सांगायचं. या कामाचे नियम आहेत. विचारणाऱ्याने मदत करायची नाही. चूक की बरोबर सांगायचं नाही. उत्तर काहीही येवो, प्रत्येक वेळी एकाच सुरात एकच शब्द म्हणायचा आणि पुढच्या चित्राकडे वळायचं. माझा शब्द होता ‘छान’. अप्पा दहाच्या आधीच दाढी करून, शर्टाची बटणं एका हाताने लावून तयार असत. त्यांना बरं व्हायचं होतं आणि सून शिकलेली होती.

चौथ्या दिवशी त्यांचं लक्ष लागेना. पहिल्या चित्रात मुलगा मुलीला ढकलतो आहे. अप्पांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“पाय,” ते म्हणाले.

“छान. हे बघा आता.”

दुसऱ्या चित्रात आजी भाकरी खाते. “पाय. पाय... दुख...”

“छान. पुढचं.”

“सायली.” मला त्यांनी नावाने हाक मारली. स्ट्रोकनंतर पहिल्यांदाच. “पाय.”

मी मनातून खूश झाले. माझं नाव आलं, विशेषनाम परतलं. वहीत लिहिलं. ते डाव्या हाताने पायजम्याचं कापड ओढत होते. मला वाटलं कंटाळले. चित्र मी जरा त्यांच्या जवळ सरकवलं.

आमच्या शास्त्रात ‘पर्सेव्हरेशन’ नावाचं एक लक्षण आहे. एखादा शब्द रुग्णाच्या तोंडात अडकतो आणि प्रश्न कोणताही असला तरी तोच बाहेर पडतो. लक्षण खरं आहे, पुस्तकात आहे, मी शिकवलेलं आहे. चौदा चित्रं संपल्यावर मी अप्पांना चहा दिला आणि वहीत ‘पाय’ या शब्दापुढे अकरा खुणा करून शेजारी लिहिलं, पर्सेव्हरेशन.

फ्रिज माझ्या पाठीमागे चार पावलांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निखिल गेल्यावर अर्ध्या तासात अप्पांना धाप लागली. ओठ निळसर झाले. पुन्हा एकशेबारा, पुन्हा तेच हॉस्पिटल. निघताना घाईत बॅग भरली. बॅगेत त्यांच्या हॉस्पिटलच्या फाइलच्या आधी माझा रेकॉर्डर गेला. सवय.

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरने अप्पांचा पायजमा वर केला. उजवी पोटरी डावीच्या दीडपट होती, चकाकत होती. त्याने मला विचारलं, पाय कधीपासून दुखतोय? त्यांनी काही सांगितलं का?

“नाही,” मी म्हणाले. “काही सांगितलं नाही.”

आणि त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही, मला याचीच जास्त भीती वाटते.

त्याने माझा चेहरा पाहिला असावा. सीटी स्कॅनकडे पलंग ढकलता ढकलता तो समजुतीने म्हणाला, “स्वतःला दोष देऊ नका. त्यांना सांगताच येत नव्हतं ना.”

निदान पल्मनरी एम्बॉलिझम. पायातली गुठळी सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते आणि श्वास कोंडतो. माणूस तासाभरात जाऊ शकतो. मला हे बाहेरच्या खुर्चीवर बसवून सांगितलं गेलं आणि थांबायला सांगितलं गेलं. निखिल कारखान्यातून यायला अजून वेळ होता. रुमाल शोधायला बॅगेत हात घातला तर रेकॉर्डर हाताला लागला.

मी कानात हेडफोन घातले. का, ते सांगता येत नाही. कदाचित ‘काही सांगितलं नाही’ हे मला कुठेतरी टोचलं होतं. एकोणीस मिनिटांचं मुद्रण. पहिल्यांदा मी ते माणसाने माणसाला ऐकावं तसं ऐकलं. एक म्हातारा माणूस घाम गाळून, मोडक्या शब्दांनी, अकरा वेळा सांगत होता की माझा पाय दुखतोय. तो सुनेला नावाने हाक मारून सांगत होता. वाक्याची घडण नसली तर अर्थ उरतो का, या प्रश्नावर मी तीन वर्षं काढली होती. उत्तर टेबलापलीकडून अकरा वेळा आलं आणि मी त्याला खुणा करत बसले. अज्ञानाला क्षमा असते. माझं ज्ञान आड आलं.

अप्पा वाचले. पाच दिवस देखरेखीच्या वॉर्डात, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं, मग गोळ्या. त्यातले पहिले दोन दिवस मी गप्प बसले. निखिल सारखा म्हणे, “अप्पांना बोलता आलं असतं तर सांगितलं असतं गं त्यांनी.” सुनंदाताई मिरजेहून फोनवर रडत म्हणाल्या, “तू आहेस म्हणून निभावलं बाई. भाषेतलं तुलाच तर कळतं.” मी हो ला हो म्हटलं. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी तोंड उघडत नव्हतं. कारण मला हेही ठाऊक होतं की माझ्यापाशी आता जे मुद्रण होतं त्यासारखं कोणापाशी नसेल. प्रबंधातलं एक प्रकरण त्यावर उभं राहिलं असतं. ती वही मी घरी कपाटात नीट ठेवली होती. तेही सांगते.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, मी निखिलला रेकॉर्डर दिला. त्याने एकोणीसही मिनिटं ऐकली. मध्ये थांबवलं नाही. मग हेडफोन काढून वायर बोटाभोवती गुंडाळत बसला.

“दर वेळी तू ‘छान’ म्हणतेयस,” तो म्हणाला.

पुढचे कित्येक दिवस तो माझ्याशी फक्त गोळ्यांच्या वेळा आणि भाजी एवढंच बोलला. भांडला असता तर बरं झालं असतं. मला समजावणारा तो तरुण डॉक्टर आठवायचा, आणि निखिलचा अबोला मला जास्त प्रामाणिक वाटायचा.

अप्पांची माफी मागायची होती. पण मागायची कशी? मी मनात जुळवलेलं वाक्य ‘मला तुमचं म्हणणं कळायला हवं होतं, पण’ असं सुरू होत होतं आणि ‘पण’च्या पुढे माझी सगळी विद्वत्ता रांगेत उभी होती. त्यांना ते कळलं नसतं. कोणालाच कळू नये असं ते वाक्य होतं. शेवटी मी पलंगाशेजारी बसले, त्यांच्या पायाकडे बोट केलं आणि म्हणाले, “अप्पा. पाय. तुम्ही सांगितलं. मी ऐकलं नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग होता. तो असायलाच हवा होता, आणि मला तो पाहून विचित्र आधार वाटला. मग त्यांनी डाव्या हाताने पांघरूण बाजूला केलं.

“बघ,” म्हणाले.

मी बघितलं. पोटरीला पट्टी होती, गुडघ्याच्या वर अजून सूज. पायाला हात लावून बघितला, पाय गरम होता. किती वेळ बघत होते कोणास ठाऊक. त्यांनीच मग पांघरूण ओढून घेतलं.

घरी आल्यावर मी ते संमतीपत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि खऱ्या अर्थाने विचारलं. रेकॉर्डर दाखवला, माझ्या कामाचं पुस्तक दाखवलं, “अप्पांचा आवाज यात?” असं बोटाने दाखवून विचारलं. औषध नाही, हे गोळ्यांच्या डबीवर फुली करून दाखवलं. हे समजावताना मला कळलं की असं समजावता येतं, पहिल्यांदाही आलं असतं. अप्पांनी रेकॉर्डर उचलला, उलटसुलट पाहिला आणि माझ्या बाजूला सरकवला.

“नको,” म्हणाले. मग म्हणाले, “चहा.”

मी मुद्रणं पुसून टाकली आणि कागद फाडला. डोक्टरफाटरना सगळं खरं सांगितलं, त्यांना दोनदा दिलेल्या होकारासकट. ते म्हणाले, प्रबंध त्या प्रकरणाशिवाय पूर्ण करा. पूर्ण झाला. बरा झाला. चांगला झाला असं म्हणणार नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना सांगण्यासारखं माझ्यापाशी थोडंच आहे. रुग्ण एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर त्याचा मेंदू अडकला आहे असं धरू नका. आधी त्याचा हात कुठे जातोय ते पाहा. हो-नाहीचे प्रश्न विचारा, आणि उत्तराची वाट पाहताना मनातल्या मनात वीस आकडे मोजा. चुकलं तर चुकलं म्हणा, कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. ‘छान’ म्हणू नका. आणि घरात कोणी माझ्यासारखं शहाणं असेल, तर त्याच्यावर लक्ष ठेवा.

अप्पांचा व्हिसा संपत आला होता. डॉक्टरांचं पत्र घेऊन निखिल परदेशी नागरिकांच्या कचेरीत गेला, मुदत वाढवून घेतली. त्या महिन्यांत सकाळी दहाला आम्ही टेबलाशी बसायचो ते भाजी निवडायला. अप्पा डाव्या हाताने शेंगा मोडत. मी एकेक गावाचं नाव घेई, ते फलाट सांगत. कधी मुद्दाम चुकीचा सांगत आणि मी पकडते का ते पाहत. निखिल एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हे ऐकत होता. त्या संध्याकाळी तो माझ्याशी गोळ्यांखेरीज पहिल्यांदा काही बोलला. कवठेमहांकाळची गाडी पाच नंबरला लागायची, चारला नाही, एवढंच.

हिवाळ्यात विमान चालेल असं डॉक्टर म्हणाले आणि निखिल त्यांना मिरजेला पोचवून आला.

दर रविवारी स्काइपवर फोन होतो. सुनंदाताई कॅमेरा लावून देतात. अप्पांचे शब्द आता थोडे वाढले आहेत, दोन-तीन जोडता येतात. पण बोलणं सुरू होतं ते नेहमी एकाच प्रकारे. आधी ते निखिलला बाजूला व्हायला सांगतात. मी समोर आले की खुर्चीतून वाकून बारीक नजरेने पाहतात.

“पाय,” म्हणतात. “बरा.”

आणि थांबतात. हवामान नाही, जेवण नाही, काही नाही. सुनंदाताईंना वाटतं, हा त्यांचा अडकलेला शब्द आहे. त्या मागून हळूच सांगतात, “सायली, लक्ष देऊ नकोस गं, ते असंच करतात.” अप्पा त्यांच्याकडे वळूनही पाहत नाहीत. माझ्याकडेच पाहत राहतात.

“ऐकलं, अप्पा,” मी म्हणते.

मग ते मागे टेकून बसतात, आणि पुढचं बोलतात.